पूल उघडा असताना

ग्रीसमधल्या हाल्किदाच्या सामुद्रधुनीतला प्रवाह दिशा बदलताना थोडा वेळ थांबतो, तेव्हा बोटींसाठी पूल उघडतात आणि माणसं दोन्ही काठांवर अडकतात. माझ्या पुढे एक नवरा-बायको होते. पलीकडच्या काठावर त्याच्या सासूबाई, तीन बॅगांसकट.

"स्तामाता, भरती-ओहोटीच्या ओढीमुळे चंद्र दरवर्षी दोन बोटं लांब जातो, माहितीये?"

"बरं, मग?"

"तरी संबंध टिकलेत ना! लांबूनसुद्धा टिकतात."

"आई आपल्या वरच्या मजल्यावरच राहणार, लेफ्तेरी."

"अगं, पण फार जवळ आलं ना, की त्याच ओढीनं चुरा होतो!"

"कुणाचा?"

"दोघांत जो लहान असेल, त्याचा."

"मग आईला काही धोका नाही. पूल मिटला बघ. जा, बॅगा उचल."