भिंतीपलीकडचा भाऊ

...आणि वर इन्स्पेक्टरसाहेब मलाच म्हणतात, ‘दोन माणसं गेलीत, जरा जीभ आवरा.’ का, तर मी एवढंच म्हणालो, ‘साहेब, एकावर एक फुकट दिसतंय.’ आता यात माझं काय चुकलं, तुम्हीच सांगा. तुम्हाला सांगतो, खासगी गुप्तहेर म्हणजे निम्मं आयुष्य दुसऱ्यांच्या नवऱ्यांच्या मागे उन्हातान्हात फिरायचं, जिभेला तेवढाच विरंगुळा...

तर दोन सख्खे भाऊ. सत्तरीपुढचे, दोघंही एकटे. वडिलांचं घर, मधोमध भिंत घातलेली, आणि नऊ वर्षं बोलाचाल बंद. कशावरून, म्हणाल? शेजारी म्हणतात, शेवटी शेवटी त्या दोघांनाही धड सांगता यायचं नाही! पण बंद म्हणजे इतकी बंद, की रस्त्यात तोंड बघायला नको म्हणून थोरला पाचला फिरायला जायचा आणि तो परतला की मग सहाला धाकटा. आणि सोमवारी दुपारी जेवणं झाल्यावर दोघंही गेले. एक भिंतीच्या इकडे, एक तिकडे. पोटात उंदराचं औषध. दोन्ही घरांत जाणारं माणूस एकच, स्वयंपाकाच्या बाई. पोलिसांनी त्यांनाच उचललं.

त्यांची मुलगी माझ्याकडे आली. शिवणकाम करते, बोटाला चिंधी बांधलेली. रडणं नाही, काही नाही. म्हणाली, “आई दोन्ही घरचं उरलेलं खाते. त्या दिवशीही खाल्लं. मग ती कशी जिवंत?”

तुम्हाला सांगतो, अख्ख्या तपासातला शहाणा प्रश्न हा एकच, आणि तोही मी विचारलेला नाही.

म्हणजे जेवण स्वच्छ. मग बाई ज्याला हात लावत नाहीत असं काय? औषध! थोरल्याचं खोकल्याचं, धाकट्याचं ताकदीचं, दोघंही दुपारच्या जेवणावर घ्यायचे. पोलिसांनी पातेली तपासली, डबे तपासले, बाटल्या जागच्या जागी. मी म्हणालो, ‘साहेब, समोर बाटली असून पोलिसांचं लक्ष गेलं नाही, असं पहिल्यांदाच बघतोय.’ चिडले हो! आता यात माझं काय चुकलं, तुम्हीच सांगा. पण तपासायला पाठवल्या. दोन्हींत विष. थोरल्याच्या बाटलीवर बोटांचे ठसे धाकट्याचे, आणि धाकट्याच्या बाटलीवर थोरल्याचे.

‘पण शिरले कसे?’ साहेब. किल्ल्यांचे जुडगे मागवले. प्रत्येकाच्या जुडग्यात दुसऱ्याच्या दाराची किल्ली... भांडणाच्या आधीची. परत करायची तर बोलावं लागलं असतं ना, म्हणून राहून गेलेली.

रविवारी बाईंची सुट्टी. पाचला थोरला फिरायला गेला, तेवढ्यात धाकटा त्याच्याकडे जाऊन आला. सहाला धाकटा गेला, थोरला त्याच्याकडे जाऊन आला. तासाभराच्या फरकानं तोच बेत, तेच उंदराचं औषध. शेवटी सख्खेच की.

पण कशासाठी? तर गल्लीच्या टोकाचा गवंडी भेटला. कानावर पेन्सिल, आवाज हा असा खर्जातला. “दोघांनी एकाच आठवड्यात मला विचारलं,” म्हणाला, “मधली भिंत पाडायला किती दिवस लागतील म्हणून. एकमेकांना सांगू नको म्हणाले.”

दोघांनाही ती भिंत नकोच होती हो... फक्त पलीकडे भाऊही नको होता. मी त्या घरात परत गेलो. थोरल्याची आरामखुर्ची भिंतीला टेकवलेली. वळसा घालून पलीकडे गेलो, तर धाकट्याचीही भिंतीलाच, बरोब्बर तिथेच. नऊ वर्षं पाठीला पाठ लावून बसले होते, मध्ये एक वीट. इकडच्याचा खोकला तिकडे ऐकू जात असणार. बराच वेळ उभा होतो, एक विनोद सुचेल तर शपथ.

चौकीत साहेब कपाळाला हात लावून बसलेले. “दोन खून, दोन्ही खुनी सापडले,” म्हणाले, “आता अटक कुणाला करू?”

बाईंना सोडलं. तीन दिवस कोठडीत काढलेल्या. मी त्यांना सगळं सांगितलं, किल्ल्या, बाटल्या, गवंडी. त्यांनी शांतपणे ऐकलं, पदर सारखा केला.

“नऊ वर्षांत दोघांनी मिळून केलेलं एवढं एकच काम,” म्हणाल्या, आणि मुलीचा हात धरून चालू लागल्या. हसल्याही नाहीत.

आणि साहेब डोळे वटारून बघतायत कुणाकडे? माझ्याकडे! म्हटलं, साहेब, या वेळी मी नाही बोललो.