दोन खिशांचा निळा ड्रेस

(शिवणकामाचं दुकान, दुपारची वेळ. आरशासमोर निळा ड्रेस घालून धाकटी उभी आहे. स्टुलावर तिची मोठी बहीण. ड्रेसच्या घेराला टाचण्या लावत खाली बसलेल्या शिवणाऱ्या मावशी.)

मावशी : हात वर कर. अजून. आता सोड खाली. काखेत ओढतंय का?

धाकटी : नाही, काखेत छान बसलाय. पण मावशी, खिसा कुठाय?

ताई : जरा वळ बघू. बघ, पाठीवर एक सुरकुती नाही. मावशी, तुमच्या हाताला तोड नाही हो.

धाकटी : मी खिशाचं विचारतेय.

मावशी : आहेत की. ही काय शिलाई, दोन्ही बाजूंना.

धाकटी : शिलाई दिसतेय, पण हात आत जात नाही. मागच्या आठवड्यात तुम्हीच म्हणालात ना, की काय काय ठेवणार ते आणून टेबलावर मांड, त्याशिवाय मी खिशाला कात्री लावत नाही. मी सगळं मांडलं. फोन, घराची किल्ली, स्कूटरची किल्ली, पाकीट, रुमाल. तुम्ही फोनभोवती खडू फिरवलात. मग कुठं गेलं ते सगळं?

मावशी : आधी घेर बघून घेऊ. खालून अर्धा इंच दुमडावा लागेल.

ताई : दुमडा, दुमडा. आणि छोटे, खिशाचं काय घेऊन बसलीस एवढं? असल्या ड्रेसला खिसे नसतातच मुळी. मांडीवर फोन लोंबतोय, चालताना हिंदकळतोय, कसं दिसेल ते? माझी चंदेरी पर्स देते ना तुला, साखळीवाली.

धाकटी : बघितलीय मी ती. तिच्यात एक लिपस्टिक मावते, तीही आडवी घातली तर.

ताई : मग पार्टीला आणखी लागतं काय?

धाकटी : घरी परत जायला जे लागतं ते.

ताई : झालं तुझं सुरू. परत जायला नवरा असतो बरोबर.

धाकटी : म्हणूनच खिसे हवेत.

मावशी : हलू नकोस गं, टाचणी टोचेल.

धाकटी : पाच दुकानं पालथी घातली मी, ताई. प्रत्येक ड्रेसला खिशाची पट्टी होती आणि आत काही नाही. एकात माझी दोन बोटं गेली, तिसऱ्याला जागा नव्हती. विकणारी मुलगी म्हणाली, मॅडम, ते फक्त दिसायला असतात. मी म्हटलं, मीपण तिथं फक्त दिसायलाच जायचं का? तिचा बिचारीचा काही दोष नव्हता, तिच्यासुद्धा युनिफॉर्मला खिसे नव्हते.

ताई : बोलण्यात तू ऐकतेस होय कुणाला.

धाकटी : कामावरच्या पँटला माझ्या नऊ खिसे आहेत. कोणता पाना कुठल्या खिशात, ते मी डोळे मिटून सांगेन.

ताई : कामावर तू लिफ्टच्या खड्ड्यात उतरतेस. हॉटेलात पक्कड घेऊन जाणारेस का?

धाकटी : नेली तर त्यांचंच भलं होईल. दोन नंबरच्या लिफ्टचं दार अजून अडतंय.

मावशी : त्याच हॉटेलात आहे का यंदाही?

धाकटी : त्याच. नवऱ्याच्या कंपनीला दुसरं सापडत नाही. थांबा जरा, मावशी. इथं आतून काहीतरी लागतंय हाताला. जाड सुती कापड. अहो, आत पिशवी आहे की ही. तुम्ही खिसा केलाय आणि त्याचं तोंड शिवून टाकलंय?

मावशी : टाचण्या आहेत तोंडात माझ्या. बोलता येत नाही.

धाकटी : काढा मग टाचण्या.

मावशी : काढल्या. आता ऐक, आणि माझ्यावर डाफरू नकोस. तू सांगून गेलीस, दोन खिसे. त्याच संध्याकाळी ह्या तुझ्या ताईंचा फोन.

ताई : मावशी.

मावशी : नाही ताई, आता सांगते. गेले आठ दिवस हे मानेवर बसलंय माझ्या. ह्या म्हणाल्या, खिसे करू नका, तिला सांगा कापड पुरलं नाही. आता मी तीस वर्षं मशीनवर बसतेय. कापड पुरवणं हाच माझा धंदा. कापड पुरलं नाही असं मी कुठल्या तोंडानं सांगू? आणि मोठ्या बहिणीचा शब्द तरी कसा मोडू? तुमच्या आईचे कपडे शिवायची मी. म्हणून मी दोन्ही केलं. खिसे शिवले, अगदी तुझ्या फोनच्या मापाचे. कमरेच्या शिलाईला टांगलेत, म्हणजे वजनानं ड्रेस ओढणार नाही. आणि वरून तोंडं बंद केली. म्हटलं, दोघी ट्रायलला येतील तेव्हा समोरासमोर ठरवा काय ते.

धाकटी : ताई, तू फोन केलास?

ताई : केला.

धाकटी : का पण?

ताई : तुझ्या भल्यासाठी.

धाकटी : ते सोड. का केलास ते सांग.

ताई : तुझ्या नवऱ्याचा, आपल्या इंजिनियरसाहेबांचा फोन आला होता मला. फार गोड बोलले. म्हणाले, तुम्ही मोठ्या आहात, तुमचं ती ऐकते. गेल्या वर्षी पार्टीतून उठून खाली जाऊन बसली, साहेबांसमोर मला कानकोंडं झालं. यंदा खिसेबिसे असलेलं काही घालायचं म्हणतेय, तेवढं बघा जरा. मला वाटलं, एवढंसं मागतोय बिचारा. एक संध्याकाळ नीट जाईल.

धाकटी : खाली जाऊन बसली. एवढंच सांगितलं त्यानं?

ताई : तू दमली होतीस, चिडचिड करत होतीस, म्हणाले.

धाकटी : आणि तुला ते पटलं.

ताई : तू काही सांगितलंस का मला? विचारलं तेव्हा म्हणालीस, काही नाही गं, पाय दुखत होते.

धाकटी : पाय दुखतच होते. बरं, आता सांगते. मावशी, तुम्हीपण ऐका, खिसा तुम्ही शिवलाय. निघताना तो म्हणाला, तुझा फोन, किल्ली, पाकीट आण इकडे, माझ्या कोटात ठेवतो. तुझ्या ड्रेसला कुठं जागा आहे. दिलं मी. दरवेळी देतेच. वर गेल्यावर त्याच्या मोठ्या साहेबांनी मला विचारलं, तुम्ही काय करता? मी तोंड उघडायच्या आत हा म्हणाला, ती घरीच असते.

ताई : घरीच असते?

धाकटी : घरीच असते. आणि ज्या लिफ्टनं ते सगळे वर आले होते, ती चार दिवसांपूर्वी मी दुरुस्त केली होती. हातावरचं काळं ग्रीस नखांतून निघालं नव्हतं माझ्या, म्हणून ग्लास डाव्या हातात धरून उभी होते.

ताई : असं का म्हणाले असतील पण?

धाकटी : लाज वाटते त्याला. एरवी नाही वाटत. घराचा अर्धा हप्ता मी भरते तेव्हा नाही वाटत. चारचौघांत वाटते.

मावशी : मग तू काय केलंस?

धाकटी : त्याला बाजूला घेऊन म्हटलं, मला किल्ली दे, मी घरी जाते. भांडले नाही, आवाजसुद्धा चढवला नाही. त्यानं कोटावर असा हात ठेवला. दोनदा थोपटलं. आणि हसून म्हणाला, थांब ना, जेवण व्हायचंय अजून. तिथं चार माणसं उभी होती, तीपण हसली.

ताई : सगळ्यांसमोर?

धाकटी : सगळ्यांसमोर. माझा फोन, माझी किल्ली, माझे पैसे त्याच्या छातीशी, आणि मी समोर हात हलवत उभी. रिक्षा करायला पैसे नाहीत, कुणाला बोलवायला फोन नाही. तुझा नंबर पाठ आहे, पण लावू कशावरून? मग खाली गेले. पार्किंगच्या वॉचमननं खुर्ची दिली. तो मला ओळखतो. म्हणाला, मॅडम, आज युनिफॉर्म नाही? अडीच तास बसले तिथं, ताई. अडीच तास. माझ्या किल्लीची वाट बघत.

ताई : हे तू मला सांगायला हवं होतंस.

धाकटी : सांगितलं असतं तर काय म्हणाली असतीस?

ताई : काय म्हणाले असते?

धाकटी : म्हणाली असतीस, एवढ्या तेवढ्यावरून काय, पुरुषांचं असतं तसं.

मावशी : मी अस्तर बघते जरा आतल्या खोलीत.

धाकटी : बसा मावशी. तुमच्यापासून काही लपवायचं नाहीये मला.

ताई : बरं, म्हणाले असते. कबूल. पण मग जातेसच कशाला यंदा? नाही जायचं म्हण, विषय संपला.

धाकटी : का नाही जायचं? हॉटेलला मी चोरून थोडीच जाते. कुणी विचारलं तर सांगणार, मी लिफ्ट दुरुस्त करते, ही खालची दोन नंबरची माझ्याकडेच आहे. तो मध्ये काही बोलला नाही, तर जेवून-खाऊन, नाचून येईन. मला नाचायला आवडतं, तुला माहितीये. आणि परत म्हणाला घरीच असते, तर भांडणार नाही. खिशात हात घालीन, किल्ली काढीन आणि निघेन.

ताई : म्हणजे तू खिसा मागतच नाहीयेस. निघून जायची सोय मागतेयस.

धाकटी : हो.

ताई : हो काय, हो? इतकं सोपं आहे का ते? आणि ते चिडून मागोमाग घरी आले तर?

धाकटी : तर बघू.

ताई : तर बघू म्हणे. आई गेल्यापासून तुझं हे ‘तर बघू’ मी निस्तरतेय. मला भीती वाटते गं. तू एकदा पाऊल उचललंस की मागे घेत नाहीस. झाडावर चढायचीस तेव्हासुद्धा उतरायचं कसं ते वर गेल्यावर आठवायचं तुला.

धाकटी : आता उतरता येतं. चौदा मजल्यांच्या खड्ड्यात शिडीवरून उतरते मी. तू भीतीपोटी फोन केलास ते कळतंय मला. पण ताई, तू त्याच्यासारखंच केलंस. मला न विचारता बंद करून टाकलंस.

ताई : असं बोलू नकोस.

धाकटी : बोलतेच. तूपण त्याच्यासारखा कोटावर हात ठेवलास.

मावशी : पोरी, पुरे. लागलं त्यांना.

ताई : लागू दे. खरं आहे ते. तुझ्या भावजींबरोबर जाते ना मी कुठं, माझं पाकीट त्यांच्याच खिशात असतं. बावीस वर्षं. मला कधी खटकलं नाही.

धाकटी : कधी मध्येच उठून निघावंसं वाटलं नाही?

ताई : वाटलं. दोन-तीनदा.

धाकटी : मग?

ताई : मग काय. जेवण व्हायचं होतं.

मावशी : ही घ्या उसवणी. पातळ टोकानं धागा उचलायचा, कापड नाही. कच्चा टाका आहे, ओढला की सुटेल. कुणी उसवायचं ते तुम्ही ठरवा. मी नाही हात लावणार. मी माझं दोन्हीकडचं काम केलंय.

धाकटी : द्या इकडे. हा उजवा. सुटला बघा सरसर. अरे वा, मनगटापर्यंत जातोय हात.

मावशी : जाणारच. तुझी मूठ मोजून केलाय. पुरुषांच्या पँटला करते त्याहून बोटभर खोल.

धाकटी : डावीकडचं नीट दिसत नाहीये मला. वाकले की टाचण्या टोचतात.

ताई : सरळ उभी राहा. आण ती उसवणी. आता काही खेचाखेच करशील आणि कापड फाडून ठेवशील. मावशी, दिवा लावा हो जरा, हा निळ्यावर निळा धागा आहे.

मावशी : लावते.

ताई : एक, दोन... किती बारीक टाके घातलेत हो तुम्ही. कच्चे म्हणे.

मावशी : तुम्ही फोनवर फार ठासून सांगितलं होतंत.

ताई : झालं. घाल हात.

धाकटी : घातला. बघा आता मावशी, दोन्ही हात आत घालून उभी राहते. कशी दिसतेय?

मावशी : भांडायला आल्यासारखी.

धाकटी : छान. मग फिटिंग बरोबर आहे.

ताई : फोन ठेव डावीकडे. चालून दाखव. नाही लोंबत, खरंच. पाकीट उजवीकडे ठेव, रुमाल त्याच्यावर. मावशी, फुगीर दिसतंय का?

मावशी : मला विचारू नका, मी शिवलंय ते.

ताई : थांब, छोटे. अजून जागा आहे ना उजवीकडे?

धाकटी : भरपूर आहे. काय शोधतेस पर्समध्ये?

ताई : ही कडी उघडून दे मला, माझ्या नखानं उघडत नाही. हं. ही घे.

धाकटी : कसली किल्ली ही?

ताई : आमच्या मागच्या दाराची.

धाकटी : भावजींना विचारलंस?

ताई : नाही. सांगेन. कितीही वाजता आलीस तरी बेल वाजवू नकोस, सरळ आत ये. आणि फोनबरोबर ठेवू नकोस ती, काचेवर ओरखडे पडतात.