जिभेले न समजलेलं

तळेगावच्या बसस्टँडवर देवकाबाई मांडीवर तांब्या धरून बसली होती. शेजारी प्रयोगशाळेतली सुलोचना आपल्या मामाला एक नळी दाखवत होती.

"हिच्या टोकाचा खडा पाण्यातलं फ्लोराइड वळखते, मामा."

"आत औषध असन?"

"पातळ काईच नाई, समदं घट्ट. पहिल्या नळीत पातळ औषध होतं, तिनं एकाच पाण्याले मशीनचा काटा रोज भटके. आता काल थांबला तिथंच आजबी थांबते."

"बापा! माणूसबी एवढा शब्दाले पक्का नाई! हे तू बनवलं?"

"आमी सगळ्यायनं. फ्लोराइडनं हाडं वाकतात, अन् जिभेले पत्ताच नाई. सगळ्यात गोड इहिरीतच जास्त सापडलं."

देवकाबाईनं तांब्या पुढं केला.

"पोरी, सोयऱ्याधायऱ्याले आमी हेच गोड पाणी पाजतो. माह्या नातीचे पाय काऊन वाकून राह्यले, इचार तुह्या खड्याले."