काचेवरचा आकडा

पर्व्हिस : साहेब, शर्यतीच्या रांगेत गाडी सोडून उतरायचं नाही इथे. बसा आत.

वेंडेल : अहो, बसता कुठे! पोलिसांना बोलवा आधी. ती पुढची निळी नोव्हा बघा. चोरीची गाडी आहे ती.

पर्व्हिस : कोण म्हणतं?

वेंडेल : मी म्हणतो! माझ्या वडिलांची गाडी आहे. बहात्तर सालची. दारावर तीनशे अठरा आकडा आहे, दिसतोय ना? चार महिन्यांपूर्वी वडील गेले. गाडी घरी गॅरेजमध्ये चादरीखाली होती. कुलूप मी स्वतः लावलंय.

पर्व्हिस : चोरीची असेल, तर तो चोर चाळीस वर्षं दर शनिवारी इथे येतोय. तुम्ही हॉलिसचा मुलगा का?

वेंडेल : हो. वेंडेल. ए, हेल्मेटवाल्या! काच खाली कर! खाली कर म्हणतो ना!

लुएला : ओरडू नकोस, वेन. हँडल फिरवून उतरते ही काच, जरा वेळ लागतो.

वेंडेल : ... आई?

लुएला : हेल्मेट काढत नाही. पुन्हा घालताना कान दुखतात.

वेंडेल : आई, तू... तू फिंडले गावी मावशीकडे होतीस ना?

लुएला : आणि तुला क्लीव्हलंडला ऑफिसचं काम होतं.

वेंडेल : माझं सोड! तू बहात्तर वर्षांची आहेस! बाबांच्या गाडीत बसून शर्यतीच्या रांगेत काय करतेस?

लुएला : माझा नंबर यायची वाट बघतेय.

पर्व्हिस : लुएलाबाई, पोराला माहीत नाही?

लुएला : नाही.

पर्व्हिस : अजून?

लुएला : पर्व्हिस, तू तिकडे रांग बघ जरा.

पर्व्हिस : रांग इथेच आहे. मी कुठे जाऊ?

वेंडेल : काय माहीत नाही? आई? काय माहीत नाही मला?

लुएला : ही गाडी तुझे बाबा चालवत नव्हते. मी चालवायचे.

वेंडेल : काहीतरीच काय. घरी चषक आहेत त्यांचे. एकतीस. मी मोजलेत लहानपणी.

लुएला : चषकावर कुणाचं नाव आहे?

वेंडेल : नाव... गाडीचा नंबर आहे.

लुएला : हं.

वेंडेल : पण तू तर इथे चेरी-पाय विकायचीस! चेरी भरून भाजलेले, गोड! आजी सांगायची.

लुएला : आजीला आम्हीच तसं सांगितलं होतं. तिच्या घरात राहायचो आपण. बाईमाणसाने असल्या गाडीत बसणं म्हणजे तिच्या लेखी नरकाचं तिकीट. चेरी-पाय मी इथून विकत घेऊन तिच्यासाठी घरी न्यायचे. फार आवडायचे तिला.

पर्व्हिस : हॉलिसने चालवून पाहिली होती म्हणा सुरुवातीला. पंचवीस शर्यती, त्यांत एकवीस वेळा लाल दिवा, म्हणजे बाद. हिरवा लागायच्या आधीच सुटायचा बिचारा. थांबवतच नसे त्याला.

लुएला : लग्नातसुद्धा पाद्रीबाबांनी प्रश्न पुरा करायच्या आधीच 'हो' म्हणून मोकळा झाला होता.

वेंडेल : तुम्ही हसताय? अंत्यविधीला पाद्री म्हणाले, आता हॉलिस स्वर्गात स्टिअरिंगवर बसला असेल, तेव्हा मागच्या बाकावरची माणसं अशीच हसली होती. मला इतका राग आला होता!

पर्व्हिस : मीच होतो त्यात. माफ कर, पोरा. स्वर्गात पण लाल दिवा लागला असेल, असं मनात आलं आमच्या.

वेंडेल : मला का नाही सांगितलंत? आजीला जाऊन पंचवीस वर्षं झाली!

लुएला : तू तिसरीत निबंध लिहिलास. 'माझे बाबा काउंटीतले सगळ्यांत वेगवान ड्रायव्हर आहेत.' बाईंनी तो फळ्याशेजारी लावला. हॉलिसने वाचला आणि गॅरेजमध्ये तासभर नुसता बसून राहिला. मग म्हणाला, लुएला, हे आता असंच राहू दे.

वेंडेल : मी... मी त्यांच्यासाठी ही गाडी घेतली, आई. आज त्यांच्या ट्रॅकवर त्यांच्यासाठी एकदा पळवावी म्हणून आलो.

लुएला : ही पिवळी? तुझी आहे? वेन! केवढ्याला?

वेंडेल : ते जाऊ दे. चारशे ऐंशी घोड्यांची ताकद आहे. सीट गरम होतात.

लुएला : जुलैत?

वेंडेल : थंडही होतात. दहा गिअर, आपोआप पडतात. सुटताना चाकं किती घसरू द्यायची, तेसुद्धा संगणक ठरवतो.

लुएला : मग तू काय करतोस?

वेंडेल : मी... पेडल दाबतो.

पर्व्हिस : आवाज मात्र झकास आहे हो हिचा. मगाशी आली तेव्हा मी वळून बघितलं.

वेंडेल : तो थोडा स्पीकरमधूनही येतो.

लुएला : काय?

वेंडेल : आत बसणाऱ्याला इंजिन नीट ऐकू यावं म्हणून. काच जाड असते ना.

लुएला : इंजिनाचा आवाज? स्पीकरमधून? पर्व्हिस, ऐकलंस का रे?

पर्व्हिस : ऐकलं, बाई. देव माझं रक्षण करो.

वेंडेल : हसा. पण सहा एअरबॅग आहेत माझ्या गाडीत. तुझ्या त्या खटाऱ्यात काय आहे?

लुएला : बोनेट उघडलं तर खाली जमीन दिसते, एवढी जागा आहे. हात घालता येतो. काही बिघडलं तर स्क्रूड्रायव्हर आणि हॉलिसची शिवी, दोन गोष्टी पुरायच्या. एकोणऐंशी साली एकोणीसशे डॉलरला घेतली मी. शाळेच्या जेवणघरात बटाटे सोलून. वेन, त्या काळी बटाटे सोलणाऱ्या बाईलासुद्धा अशी गाडी घेता येत होती. मोठ्या इंजिनाची. दिसायला साधी, पोरांच्या शाळेत नेता येईल अशी.

वेंडेल : तू घेतलीस? बाबांनी नाही?

लुएला : त्यांनी फक्त रंग निवडला.

वेंडेल : अरे देवा.

लुएला : काय झालं?

वेंडेल : आई, मी ती... उद्या सकाळी नऊला टोलेडोहून एक माणूस ट्रेलर घेऊन येतोय. गाडी न्यायला.

लुएला : कुठली गाडी?

वेंडेल : ही. मी तुला विचारलं होतं! तू हो म्हणालीस!

लुएला : कधी?

वेंडेल : अंत्यविधीच्या दिवशी. स्वयंपाकघरात.

लुएला : त्या दिवशी तू घराला आग लावू का विचारलं असतंस, तरी मी हो म्हटलं असतं!

पर्व्हिस : पोरा, शब्द दिलास का त्याला?

वेंडेल : हो. फोनवर. मला वाटलं, आईला ती गाडी बघून त्रास होत असेल. एकटी बाई, पायऱ्या उतरायला त्रास होतो, क्लच दाबायला गुडघा...

लुएला : गुडघा पायऱ्यांवर दुखतो. क्लचवर नाही.

पर्व्हिस : पुढची जोडी! लुएलाबाई, डावीकडे. साहेब, उजवीकडे. नेमकी तुमचीच जोडी लागलीय आणि मी काही करू शकत नाही. साहेब, काचेवर आकडा लिहिलात का? कोऱ्या काचेनं सोडत नाही कुणाला. हे घ्या बुटाचं पांढरं पॉलिश.

वेंडेल : कसला आकडा?

पर्व्हिस : पाव मैल किती सेकंदांत जाणार, ते तुम्हीच सांगायचं. दोन आकड्यांत जेवढा फरक, तेवढी हळू गाडी आधी सोडतात. आधी पोचेल तो जिंकला. पण लिहिलंय त्यापेक्षा लवकर पोचलात तर बाद. म्हणजे खोटं लिहून उपयोग नाही, इकडेही नाही आणि तिकडेही नाही.

वेंडेल : इंटरनेटवर अकरा सेकंद नव्वद शतांश म्हणतात हिला. अकरा नव्वद लिहितो. आई, तू काय लिहिलंयस? चौदा वीस? चौदा! आई, तू वाटेत थांबून चेरी-पाय घेणार आहेस का?

लुएला : वेन, ऐक. मी आज इथे एकच गोष्ट बघायला आलेय. तुझ्या बाबांशिवाय मला हे जमतं का. जमलं नाही, तर उद्या त्या माणसाला किल्ली मी माझ्या हातानं देईन, तुझा शब्द खाली पडू देणार नाही. आता जा, पट्टा बांध.

(शर्यत झाली आहे. ट्रॅकच्या टोकाला, मक्याच्या शेताच्या कुंपणाशी दोन्ही गाड्या उभ्या. वेंडेलच्या हातात वेळ छापलेल्या दोन चिठ्ठ्या.)

वेंडेल : जिंकलीस.

लुएला : हं.

वेंडेल : आई, तू जिंकलीस! मी लाइनवर उभा आणि तू गेलीस. सव्वादोन सेकंद मी नुसता उभा राहून तुझी पाठ बघत होतो. बघणारी माणसं कुंपणावर चढून तुझ्या नावानं ओरडत होती. माझ्या आईच्या नावानं! मला पेडल दाबायचंच सुचेना.

लुएला : चिठ्ठी दाखव माझी.

वेंडेल : मी बारा त्रेसष्ट. लिहिलं होतं अकरा नव्वद. इंटरनेटवरचे लोक खोटारडे आहेत.

लुएला : माझी, वेन.

वेंडेल : चौदा एकेचाळीस.

लुएला : एकेचाळीस? नीट बघ.

वेंडेल : एकेचाळीसच आहे. का?

लुएला : एकवीस शतांशांची चूक. एकवीस! तुझ्याऐवजी दुसरं कुणीही असतं, तर मी हरले असते. आयुष्यात मी सहा शतांशांच्या वर कधी चुकले नाही. घे.

वेंडेल : हे काय?

लुएला : किल्ली. टोलेडोच्या माणसाला दे.

वेंडेल : आई, थांब. पर्व्हिस! जरा इकडे या हो! हिला सांगा काहीतरी.

पर्व्हिस : काय झालं? दुसरी फेरी आहे अर्ध्या तासात. लुएलाबाई, डोळ्यांत पाणी?

लुएला : हेल्मेटनं घाम आलाय.

पर्व्हिस : दाखवा चिठ्ठी. हं. चौदा वीस... बाई, काचेवरचं हे अक्षर कुणाचं आहे? हा दोन मी ओळखतो. बदकासारखा दोन हॉलिस काढायचा. म्हणजे हा आकडा ऑक्टोबरचा, शेवटच्या शर्यतीचा. तेव्हापासून काच पुसलीच नाही तुम्ही?

वेंडेल : आई?

लुएला : आकडा तो सांगायचा. गाडी मी चालवायचे. आकडा नेहमी तोच सांगायचा, वेन. त्या कुंपणापाशी जायचा, मक्याचं पान दोन बोटांत धरायचा, वाऱ्याकडे तोंड करून उभा राहायचा आणि येऊन काचेवर लिहायचा. मी कधी विचारलं नाही, कसं कळतं. तो लिहायचा आणि मी तेवढ्याच वेळात पोचायचे. त्याला स्वतःला जे थांबून करता येत नव्हतं, ते तो मला मोजून द्यायचा.

पर्व्हिस : बाई, ऑक्टोबरात हवा कोरडी होती. आज जुलै आहे. मका घाम गाळतोय नुसता. एवढ्या दमट हवेत तुमच्या कार्बोरेटरला श्वास कुठून मिळणार? वीस नाहीच होणार. तुम्ही चुकला नाहीत. आकडा शिळा होता.

लुएला : मला माहीत होतं.

वेंडेल : माहीत होतं? मग का नाही पुसलास?

लुएला : पुसून काय लिहू? कुणाचं लिहू?

पर्व्हिस : मी जातो. रांग बघायची आहे. अर्धा तास, बाई.

वेंडेल : आई, किल्ली घे परत.

लुएला : तू शब्द दिलायस.

वेंडेल : गाडी विकताना मी हिरवा लागायच्या आधीच सुटलो, आई. मी बाबांचाच मुलगा आहे. त्या टोलेडोवाल्याला फोन करून माफी मागतो. शिव्या घालेल. घालू दे. घे किल्ली.

लुएला : आणि आकडा?

वेंडेल : आत्ता एकेचाळीस झाली ना? एकेचाळीस लिही.

लुएला : ऊन उतरतंय. इंजिन तापलंय. अर्ध्या तासानं एकेचाळीस राहत नाही. तुझ्या गाडीत असतो का रे त्यासाठी काही संगणक?

वेंडेल : असेल. मी पुस्तिका वाचली नाही.

लुएला : मग जा कुंपणापाशी.

वेंडेल : मी? मला काय कळतंय त्यातलं?

लुएला : त्यालाही पहिल्या उन्हाळ्यात कळत नव्हतं. दोनदा तर मला सोळा सेकंद लिहून दिले होते.

वेंडेल : आलो कुंपणापाशी. पान धरलं. ओलं आहे. म्हणजे ओलं नाही, चिकट आहे. वारा तोंडावर येतोय. मगाशी पाठीवर होता बहुतेक.

लुएला : मोठ्यानं बोल, तिकडून ऐकू येत नाही.

वेंडेल : म्हटलं, वारा फिरलाय! चौदा... थांब. चौदा छत्तीस? नाही. अडतीस. चौदा अडतीस.

लुएला : नक्की?

वेंडेल : नाही. अजिबात नाही. बाबा काय म्हणाले असते?

लुएला : ते आज काही म्हणत नाहीयेत, वेन.

वेंडेल : मग हे पुसू?

लुएला : थांब जरा.

वेंडेल : हो. पूस म्हणेपर्यंत थांबतो.

लुएला : ओल्या फडक्यानं पूस. कोरड्यानं डाग राहतो.