खोलीला ताण

हनुमंत : पहार खाली ठेव म्हणतो ना! बहिरी झालीस का?

तेजस्विनी : ऐकू येतंय भाऊजी. खड्डा झाला की ठेवते.

हनुमंत : कशाचा खड्डा? माझ्या वावरात, मला न इचारता?

तेजस्विनी : आईंच्या वावरात. सातबाऱ्यावर अजून त्यांचंच नाव आहे.

हनुमंत : ऐकलंस का आये? तुझ्या धाकट्या सुनेला सातबारा पाठ झालाय.

जानकाबाई : मला मधी घेऊ नका. मी कारली निवडाया बसलीय. पहाटे जमीन हालली, आता तुमी दोघं हालताय. माजं डोकं न्हाई राहिलं जाग्यावर.

हनुमंत : अगं, चार कोपऱ्याला चार खड्डे घ्यायला निघाली ही! ह्याला पाया म्हणत्यात. शेंबडं पोरगंबी सांगंल. ही पत्र्याची खोली हितं आणली त्या दिशी कपिलनं विहारात सगळ्यांसमोर शब्द दिला व्हता. काय म्हणला व्हता तुझा नवरा?

तेजस्विनी : जमिनीत खिळासुद्धा ठोकणार नाही, असं म्हणाले होते.

हनुमंत : मग?

तेजस्विनी : मग काय? शब्द देऊन ते दुधाच्या टँकरवर गेले. खोलीत मी आणि पोरगी, संस्कृती, झोपतो. पहाटे धक्का बसला तेव्हा आत शब्द नव्हता, आम्ही होतो.

हनुमंत : धक्का आख्ख्या पिंपरी पेंढारला बसला. आमच्या घरात फळीवरची भांडी वाजली. आमी पहार घेऊन पळालो का?

तेजस्विनी : तुमचं घर जमिनीत रुतलेलं आहे. ही खोली क्रेननं उचलून ठोकळ्यांवर ठेवलीये, तशीच. जरा वाकून खाली बघा.

हनुमंत : बघितलंय.

तेजस्विनी : न वाकताच?

जानकाबाई : वाक की रं. कंबर मोडती का?

(हनुमंत गुडघा टेकून खोलीखाली डोकावतो.)

तेजस्विनी : दिसलं? तीन ठोकळे एकावर एक, मधे सिमेंटसुद्धा नाही. वरचा सरकून अर्धा बाहेर आलाय. दाराकडचा तर फुटलाय. दारातली पायरी सुटून बाजूला पडली. अंधारात पोरीला घेऊन बाहेर पळाले, पायरी आहे म्हणून पाय टाकला. हे बघा, गुडघा.

जानकाबाई : पोरीला लागलं न्हाई ना?

तेजस्विनी : नाही. तिला वाटलं, मी तिला झुलवतेय. ती हसत होती, आई. खोली सरकत होती आणि ती हसत होती.

हनुमंत : झालं, आता रडून दाखव. दुपारच्याला जॅक लावून ठोकळा सरळ करून देतो. मिटलं.

तेजस्विनी : आणि परत हलली म्हणजे?

हनुमंत : लोखंडाचं धूड हाय ते! रस्त्याच्या कामावरचं हापिस व्हतं, सायेब लोक बसायचं त्यात. कुठं उडून जातंय?

तेजस्विनी : उडत नाही, सरकतं. वरून ओझं आलं तर हे ठोकळे जन्मभर पेलतील. पण जमीन आडवा हिसका देते. खालचा ठोकळा जमिनीबरोबर जातो, वरची खोली मागं राहते, आणि मधल्याचा तोल जातो. तुमचा जॅकही तसाच कलंडतो. मग खोली खाली बसते आणि तोच जॅक तळ फोडून आत शिरतो.

हनुमंत : मोबाइलवर शिकलीस वाटतं.

तेजस्विनी : हो. पोर निजली की. बाहेरच्या देशात माणसं अशा घरांत जन्म काढतात. भूकंपात ती घरं मोडत नाहीत, टेकूवरून खाली पडतात. पडताना गॅसची नळी तुटते. माझं सिलिंडर बाहेर आहे, शेगडी आत. आज नळी नुसती ताणली गेली. सकाळपासून तीन दगडांवर रांधतेय.

हनुमंत : एवढं भ्या वाटतंय तर गावातल्या घरात ये की झोपाया. दार लावलंय का कुणी?

तेजस्विनी : दोन खोल्या आणि तुमची पाच माणसं. पावसाळ्यात आलो होतो, तेव्हा वहिनींनी संस्कृतीचं अंथरूण मोरीपाशी टाकलं होतं.

हनुमंत : तिचं नाव घेऊ नगंस हां!

जानकाबाई : घेऊ दे की. टाकलं व्हतं. मी बघितलंय.

हनुमंत : आये, तू नेमकी कुणाकडनं हायेस?

जानकाबाई : मी कारल्याकडनं.

हनुमंत : हे बघ तेजस्विनी, सरळ सांगतो. भागूकाकाचं काय झालं ठावं हाय ना? त्याच्या चुलतभावानं सुगीपुरतं शेड टाकलं. मग उंदरं येत्यात म्हणून खाली कोबा केला. कोब्यावर भित आली, भितीवर लाइटीचा मीटर आला. आता भागूकाका सोताच्या वावराला बांधावरनं बघतो. कुणी चोरी केली न्हाई, भांडाण केलं न्हाई. जरा जरा करत चिकटत गेले. तू बी चिकटाया लागलीस.

तेजस्विनी : मी चिकटत नाही. पडू नये म्हणून धरून ठेवतेय.

हनुमंत : एकच झालं ते! बाबा खाटंवर व्हते तवा कुठं व्हता कपिल? मी त्यांचं हागणं-मुतणं काढलं. हा चाकणला, सुट्टी मिळंना म्हणं. तिथली खोली सुटली तवा बरं वावर आठवलं!

तेजस्विनी : हे त्यांना विचारा. तुमच्यापुढं त्यांना तोंड नाही. मला आहे, म्हणून सगळा राग माझ्यावर.

हनुमंत : तुझ्यावरच हाय. तू आल्यापासनं शहाणा झाला तो.

जानकाबाई : हन्या, जीभ आवर.

तेजस्विनी : राहू द्या आई. भाऊजी, हा कारल्याचा मांडव कुणाचा?

हनुमंत : माझा. डोळं गेलं का तुझं?

तेजस्विनी : डांब तर जमिनीत पुरलेत. मग कडेच्या प्रत्येक डांबाला बाहेरून तिरपी तार कशाला ओढलीत?

हनुमंत : ताण हाय तो. ताण नसला तर वेल भरल्यावर मांडव एका अंगाला झोपंल. वारं आडवं आलं की...

तेजस्विनी : बोला ना. थांबलात का?

हनुमंत : मांडवाचं येगळं.

तेजस्विनी : तारेचं खालचं टोक कशाला बांधलंय?

हनुमंत : दगडाला. गाडलाय दगड.

तेजस्विनी : खड्डा घेऊन?

हनुमंत : मग काय वरनं ठेवू?

तेजस्विनी : म्हणजे तुम्ही दर हंगामाला वावरात पाया घालता.

हनुमंत : ए! त्याला कुणी पाया म्हणत न्हाई. हंगाम झाला की तार सोडतो, दगड उपटून बांधावर टाकतो.

तेजस्विनी : मग मीही पाया घालत नाहीये. खोलीला ताण देतेय. कारल्याला मिळतो, तुमच्या पुतणीला नको?

हनुमंत : बोलण्यात गुतवू नगंस मला. खड्डा पडणार न्हाई म्हणजे न्हाई. बघतो कोण घेतं ते!

जानकाबाई : हन्या, तुज्या आज्यानं ह्या वावरात पयला खुटा ठोकला ना, गाय बांधाया, तवा गावातली चार माणसं बांधावर येऊन हुबी राहिली. कुणाला इचारून ठोकला, म्हणली. मी नवी नवरी व्हते. आता तू वराडलास आन मला वाटलं, त्यांच्यातलंच आलं कुणी.

हनुमंत : आये, काय बोलतीस तू!

जानकाबाई : जे ऐकलं ते बोलते. आन तू गं? सातबारा पाठ हाय ना तुला? मग त्यातली म्हातारी हितं बसलेली दिसली न्हाई व्हय? पहार उचलायच्या आदी मला इचारायचं.

तेजस्विनी : चुकलं आई.

जानकाबाई : चुकलंच. बोलाया तेवढं चुरुचुरु येतं.

हनुमंत : त्या गोणीत काय हाय?

तेजस्विनी : सिमेंट. वारूळवाडीच्या नर्सरीत कामाला जाते ना, तिथून आणलं, उरलेलं.

हनुमंत : सिमेट न्हाई चालायचं. सिमेट पडलं की पाया. दगड गाडायचे, मांडवाला गाडतो तसले. मी सांगन तवा उपटायचे.

तेजस्विनी : उपटीन. पण ठोकळेही असे नकोत. खोली खाली घ्यायची आणि बूड रुंद करायचं. ओंडके आडवे-उभे रचून त्यावर ठेवायची.

हनुमंत : आणिक? वर माडी चढवू?

तेजस्विनी : माडी नको. ओंडके हवेत.

हनुमंत : शेडमागं बाभळीचे पडलेत. उपकार म्हणून देत न्हाई. तसंबी वाळवी खाणार हाय त्यांना.

तेजस्विनी : उपकार म्हणून मी घेतही नाही.

हनुमंत : आन कपिल आला की आदी माझ्याकडं पाठवायचा. हे मिटलं असं समजू नगंस.

तेजस्विनी : नाही समजत.

हनुमंत : आन हा कसला खड्डा म्हणायचा? खोलीच्या बुडालाच उकरलायस. हितनं तार उभीच राहील, आडवं काय धरंल? ताण लांबनं तिरपा घ्यायचा असतो. सरक मागं.

तेजस्विनी : इथं?

हनुमंत : आणिक मागं.

तेजस्विनी : इथं?

हनुमंत : हां. मार पहार. थांब, थांब. पोरगी कुठल्या कोपऱ्यात झोपती?

तेजस्विनी : त्या. विहिरीकडच्या.

हनुमंत : मग पयला खड्डा तिकडं घे.