लोहाच्या गोळ्या

नवरा बाथरूमला गेला म्हणून त्याची खुर्ची पिशवीने अडवून ती बसली होती. आज त्याला यकृतात बसवलेल्या नळीतून पुन्हा थेट केमो द्यायची होती. मागच्या बाकावर दोघी जावा बोलत होत्या.

"भाऊजींना केमो मानवली होती ना?"

"गाठ निम्मी झाली होती गं. काल हसत ताटावर बसले आणि रक्ताची उलटी."

"अचानक?"

"केमोची नळी घातलेली यकृताची रक्तवाहिनी आतल्या आत फुगून फुटली."

"आधी कळलं नाही काही?"

"शी काळी होत होती. आम्ही म्हटलं, लोहाच्या गोळ्यांनी होतेय. डॉक्टरांना कोण सांगणार असलं?"

रुमालाला हात पुसत नवरा परतला.

"तुझ्या लोहाच्या गोळ्या लागू पडल्या बघ. आजही शी डांबरासारखी. अगं, कुठे निघालीस?"

ती डॉक्टरांच्या दारावर थापा मारत होती.