गादीची जाहिरात आणि शेवटचा पेपर

आमचं मूळ गाव तासगावकडचं. आप्पा इथं कतारला, दोह्याच्या इंडस्ट्रियल एरियात एका गॅरेजला फोरमन, शिक्षण सातवी, आईचं चौथी. त्यामुळं मी इथंच इंजिनिअरिंगला गेलो तेव्हा कॉलेजात नेमकं काय करतात हे घरात कुणालाच माहीत नव्हतं, खरं सांगायचं तर मलापण नव्हतं. मी आपला कॉलेजच्या टीममधून पळायचो. चारशे मीटर. पहिला यायला लागलो आणि अल रय्यानमधल्या एका गादीवाल्यानं मला जाहिरातीला घेतलं.

काय सांगू तुम्हाला, मी पळणारा माणूस, आणि फोटोत काय, तर गळ्यात मेडल घालून गाढ झोपलेला. त्या जाहिरातीचा बोर्ड नेमका आप्पांच्या कंपनीच्या बसच्या वाटेवर. रोज सकाळी बसमधले म्हणायचे, फोरमनसाब, लडका अभी तक उठा नहीं. आप्पा खाली मान घालून बसायचे.

पण दर महिन्याला पैसे यायचे, आणि मला वाटायला लागलं, नोकरी कशाला, पळण्यातच आपलं काहीतरी होईल, अजून वर्षभर नीट सराव केला तर भारतात जाऊन ट्रायल देता येईल. अडचण एकच, करार कॉलेजच्या टीममध्ये असेपर्यंतच, आणि माझं तर शेवटचं सेमिस्टर. गादीवाला म्हणाला, एक पेपर छोड दो ना भाई, एक साल और सो जाओ. मला ते पटलं हो, खोटं कशाला बोलू. घरी सांगितलं, एक विषय मुद्दाम मागं ठेवतो. आप्पा जेवता जेवता थांबले. म्हणाले, आमच्या वेळी नापास व्हायला कुणी पैसे देत नव्हतं, आम्ही फुकटच व्हायचो. आई म्हणाली, मास्तरांना काय सांगणार, झोप लागली म्हणून?

पेपरला गेलो ते कोरा द्यायचा असं ठरवूनच. अर्धा तास हाताची घडी घालून बसलो. पण पहिला प्रश्न येत होता, आणि येत असलेलं लिहायचं नाही हे काही मला जमेना, म्हटलं एवढाच लिहू, मग दुसरा लिहिला, मग पुरवणी मागितली. खलास. पास झालो, करार संपला.

आता इथंच वेस्ट बे भागात एका ऑफिसात ट्रेनी आहे, पगार जाहिरातीपेक्षा कमी. ट्रायल जमली असती का, कोण जाणे. शुक्रवारी ट्रॅकवर गेलो की वाटतं, जमली असती. निकाल फोनवर आला होता, तो आप्पांनी छापून, लॅमिनेट करून देव्हाऱ्यात ठेवलाय. आई रोज त्याला कुंकू लावते, ते नेमकं त्याच विषयाच्या मार्कांवर. आता ते मार्क दिसत नाहीत. बरंच झालं, फार काही नव्हते.